आधी सवाल, मग दळण

"आधी सवाल, मग दळण!"

डबा खाली टेकवायच्या आत हे वाक्य अंगावर यायचं. बोलणारी मुलगी सतरा-अठरा वर्षांची. डोक्याला घट्ट रुमाल, भुवया आणि पापण्या पिठाने पांढऱ्या. एक हात तुमच्या डब्यावर आणि दुसऱ्या हाताचं बोट मागच्या खोलीच्या पडद्याकडे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मागे नंबर लावायचा असेल. तो बिचारा आत जायचा आणि तसाच बाहेर यायचा. "इचारलं का? न्हाई? मग कावून आलात परत?" असं म्हणून ती त्याचा डबा पायाने रांगेबाहेर सारायची.

तुम्ही म्हणाल, पिठाच्या गिरणीत कसला सवाल? मलाही पहिल्या दिवशी हेच वाटलं होतं.

मी तेव्हा वडवणीच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. वडवणी अजून तालुका झालेलं नव्हतं. पण आठवड्याचा बाजार, दोन एसटीडी बूथ आणि घराघरांवरून लोंबू लागलेल्या केबलच्या तारा यांच्या जोरावर ते तालुका असल्यासारखंच वागत होतं. आमचे हे बीडला नोकरीला. संध्याकाळच्या गाडीने यायचे ते थेट ताटावर. भाकरी कशी असावी याबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि दळण आणायचं काम माझं होतं. त्यामुळे महादेवाच्या देवळामागच्या त्या गिरणीशी माझा संबंध आला.

प्रकार असा होता. गिरणीच्या मागच्या खोलीत बाजेवर तिचे वडील पडून असायचे. गाव त्यांना अप्पा म्हणायचं. पन्नाशीही गाठली नव्हती, पण दाढी पांढरी झाली होती. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे असायचे, जरा वाकडे, कारण रोज सकाळी ते मुलगीच ओढायची. तोंड भिंतीकडे. आजारी म्हणावं तर दुखत काही नव्हतं. उठत नव्हते आणि बोलत नव्हते, एवढंच. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने आत जाऊन त्यांना एक प्रश्न विचारायचा, उत्तर बाहेर आणून तिला सांगायचं, मगच धान्य गिरणीत पडायचं.

प्रश्नांचेही नियम होते आणि ती ते पट्टा फिरत असताना ओरडून सांगायची. "बरं हाय का, असं इचारायचं न्हाई. जेवलात का, न्हाई. देवाची मर्जी म्हणायचं न्हाई. आत जाऊन रडायचं तर बिलकुल न्हाई. आन् हो-न्हाईत उत्तर येईल त्यो सवाल चालत न्हाई!"

मी दहा वर्षं प्रश्नपत्रिका काढत होते. वस्तुनिष्ठ प्रश्न बाद, सविस्तर उत्तरेच हवीत, असा कडक परीक्षक मला बोर्डातही भेटला नव्हता.

पहिल्या दिवशी मी पडद्याआड गेले. काय विचारावं सुचेना. शेवटी म्हटलं, "अप्पा, वडवणीत वीज कधी आली हो?"

बाहेर गिरणीची घरघर. मी निघणार, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "आलती. पर ऱ्हाती कुठं?"

बाहेर येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. तिने हातातला डबा खाली ठेवला. "एवढं बोलले? पुन्यांदा सांगा." मी पुन्हा सांगितलं. ती अशी हसली की भुवयांवरचं पीठ खाली सांडलं. "बाई, आजपासून तुमचा नंबर कायम पयला!" मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाल्याचा आनंद झाला. या पहिल्या नंबरानेच पुढे आमच्या घराचा घात केला, पण ते नंतर.

सगळ्या गल्लीची मग एकच धांदल. सकाळी नळावर बाया एकमेकींना विचारायच्या, "तू आज काय इचारणार?" एसटीडी बूथवाल्याने विचारलं, बीडची पहिली गाडी किती वाजता? त्याचा बूथ स्टँडच्या समोर होता, गाडीचा हॉर्न त्याच्या कानात वाजायचा. न्हाव्याने विचारलं, पोराचं नाव काय ठेवू? अप्पा म्हणाले, "काईबी ठेव." दोन शब्द मिळाले म्हणून तिने न्हाव्याचं दळण लगेच टाकलं. एका तरण्या पोराला विचारायचं होतं, माणूस जन्माला कशासाठी येतो? त्याला तिने बाहेरूनच हाकलला. "असले सवाल कीर्तनात इचार बे! इथं लोकांची दळणं हायती."

एक म्हातारी मात्र रोज खोटं बोलायची. आत जाऊन दोन मिनिटं बसायची आणि बाहेर येऊन सांगायची, "अप्पा लई हसलं गं माय."

"आजे, अप्पा हसत न्हाईत. खरं सांग."

"मनातल्या मनात हसलं."

यावर ती क्षणभर म्हातारीकडे बघायची आणि दळण टाकायची. नियम मोडायचा तो फक्त या म्हातारीसाठी.

आमच्या ह्यांनीही एकदा प्रयत्न केला. बीडचं तिकीट पूर्वी किती होतं, हा प्रश्न घेऊन गेले आणि डबा तसाच घेऊन परत आले. तो सवाल आदल्याच दिवशी होऊन गेला होता आणि शिळा सवाल चालत नसे.

आता तुम्हाला वाटेल, मुलगी विक्षिप्त होती. मलाही वाटलं होतं. एका दुपारी वीज गेलेली, गिरणीत आम्ही दोघीच. ती ओट्यावर बसून, गिरणीचा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावत होती. मी विचारलं, "हे सवालाचं तुझ्या डोक्यात आलं कसं गं?"

तिने मान वर केली नाही. सांगितलं मात्र सगळं, आणि दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं.

आई ती लहान असतानाच गेली होती. घरात अप्पा, थोरला भाऊ आणि ती. भाऊ एकवीस वर्षांचा. आदल्या पावसाळ्यात त्याला ताप आला. दोन दिवस गेलेली वीज त्याच दिवशी आली होती आणि दळणाची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. अप्पांनी कपाळाला हात लावून बघितला, म्हणाले, साधा ताप आहे, एवढं दळण उरकलं की बीडला नेऊ. दळण उरकायला दिवस गेला. नेईपर्यंत ताप डोक्यात गेला होता. तिसऱ्या दिवशी भाऊ गेला.

"तवापून अप्पांना वाटतं, आपल्याला काईच कळत न्हाई," ती म्हणाली. "भाजीत मीठ कमी का जास्त हे बी सांगंनात. म्हणत्यात, मला काय कळतंय. आन् लोक येऊन इचारायचे, बरं हाय का? ते म्हणायचे, हाय. आन् भिंतीकडं वळायचे. मंग मी म्हणलं, आसं न्हाई. ह्यांना काई कळतं म्हणून गाव इचारायला आलं पाह्यजे. रोज चाळीस-पन्नास माणूस इचारतंय म्हणल्यावर कवा तरी त्यांना बी खरं वाटंल."

माझ्या शाळेत बी.एड. झालेल्या अकरा शिक्षिका होत्या. कुणालाही हे सुचलं नसतं. मला तिचं फार कौतुक वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. हिचाही भाऊ गेला होता, हिला कुणी काही विचारत नव्हतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वीज आली आणि ती उडी मारून उठली.

आता घाताची गोष्ट.

गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात. मग पीठ गरम आणि भरड येतं. अशा वेळी दगड उचलून छिन्नी-हातोडीने त्याला पुन्हा खरबरीत करावं लागतं. त्याला टाकी लावणं म्हणतात. हे काम अप्पांचं. ते उठत नव्हते, म्हणून काही महिने बाहेरचा टाकीवाला येऊन गेला आणि मग तिने स्वतःच हातोडी घेतली. दिवसभर गिरणी बंद ठेवून टक् टक् करत बसायची. दगडाचे कण उडून तिच्या हातांवर काळे-निळे ठिपके पडले. मला ती अभिमानाने दाखवायची.

त्यानंतर आमच्या भाकरीत कचकच येऊ लागली.

"यात वाळू आहे का?" ह्यांनी पहिल्या घासाला विचारलं.

"ज्वारी नीट निवडली नसेल," मी म्हणाले. दुसऱ्या वेळी डोळे फोडून निवडली. तरी कचकच. शेजारच्या काकूंना हळूच विचारलं. त्या इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "आमच्यात बी हाय जराशी. पर गप बसा. पोरीचं मन कशाला मोडायचं?" मग कळलं की सगळी गल्लीच गप बसून खात होती. कुणी चहात भाकरी भिजवत होतं, कुणी भाजीत चुरत होतं. पण आमच्याइतकी कचकच कुणाकडेच नव्हती. प्रत्येक टाकीनंतरच्या पहिल्या आठवड्यात तर आम्ही दोघं समोरासमोर बसून खडी फोडायच्या कामावर असल्यासारखे जेवायचो.

दोन महिन्यांनी ह्यांच्या दाढेचा टवका उडाला. त्यांनी जाहीर केलं, "आपण घरघंटी घेऊ." टीव्हीवर तेव्हा त्याच्या जाहिराती सुरू झाल्या होत्या. स्वयंपाकघरात ठेवायची छोटी गिरणी, बटण दाबलं की पीठ. एसटीडीवाल्याकडे ती आलीसुद्धा होती आणि बाया रांगेने बघायला जात होत्या. मला धडकीच भरली. आज आम्ही घेतली, उद्या काकू घेणार, परवा न्हावी. मग आत जाऊन अप्पांना विचारणार कोण?

याच काळजीत मी गिरणीत गेले. त्या दिवशी प्रश्न शोधायचं राहूनच गेलं होतं. पडद्याआड उभी राहिले आणि मनात होतं तेच तोंडातून निघालं. "अप्पा, भाकरीत कचकच का येते हो?"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. बाज करकरली. अप्पांनी कूस बदलली. इतक्या महिन्यांत मी त्यांचा पुरा चेहरा पहिल्यांदा पाहत होते.

"कवापून?"

"दोन महिने झाले."

ते उठून बसले. पाय खाली सोडले. भिंतीला धरत धरत बाहेर आले. रांगेतल्या बायका डबे ओढून बाजूला झाल्या. अप्पांनी पीठ पडत होतं तिथे हात धरला, चिमूट अंगठ्यावर चोळली, जिभेवर ठेवली आणि थुंकली. मुलीने गिरणी बंद केली. एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे, हे काय करून बसलात बाई, अशा नजरेने.

"टाकी कुणी लावली?"

"मी."

"लावल्यावर पयली पायली कुणाची टाकलीस?"

"बाईंची," ती ताठ मानेने म्हणाली. "बाईंचा नंबर कायम पयला हाय. दर बारीला टाकी लावली की मी निरोप धाडून त्यांचंच दळण आधी आणते."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दयेने माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

"आगं येडे, पयली पायली माणसाची नसती. कोंडा टाकायचा न्हाईतर किडकं धान. दगडाचा सारा चुरा त्येच्यात निघतो. मंग ते म्हशीला."

दोन महिने आम्ही नवरा-बायको म्हशीच्या वाट्याचं खात होतो, तेही निरोप धाडून, मानाने. आधी काकू फिस्सकन हसल्या, मग सगळी रांग. ती मुलगी तोंडावर हात ठेवून हसत खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. रडायचं नाही हा नियम तिचाच असल्यामुळे तिची मोठी पंचाईत झाली. अप्पा हसले नाहीत. ते दगडाकडे वाकून बघत होते. "लावलीस मात्र बरी," एवढं म्हणाले.

गोष्टीत माणूस इथे बरा होतो. वडवणीत तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा भिंतीकडे तोंड करून होते. फक्त पंधरा-वीस दिवसांनी टाकीची वेळ आली की उठायचे, तिच्या शेजारी बसून हातोडीचा कोन दाखवायचे आणि काम झालं की परत आत. सवाल चालूच राहिले. घरघंटी मी पुढच्या दिवाळीवर ढकलली.

एकदा मी धीर करून म्हणाले, "अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. दाखवू या का?"

"येड्याच्या डॉक्टरकडं?" ती उसळली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी डबा घेताना हळूच म्हणाली, "गाडी किती वाजता हाय?"

गावात सांगितलं, डोळे दाखवायला चाललोय. डॉक्टर भला माणूस होता. त्याने अप्पांशी अर्धा तास गप्पा मारल्या, गोळ्या दिल्या आणि मधेच बंद करू नका असं तीनदा बजावलं. येताना तिच्या लक्षात आलं, डोळे दाखवले तर चष्मा पाहिजे. मग स्टँडबाहेरच्या टोपलीतून बिननंबरी चष्मा घेतला. गल्लीने त्याचं फार कौतुक केलं. ज्याला त्याला अप्पांचा चेहरा तरतरीत वाटू लागला. शेजारच्या काकू तर रोज मागे लागल्या, "त्या डोळ्याच्या गोळ्यांतल्या दोन दे की मला. मोतीबिंदूला गुण येतो का बघते." त्या गोळ्या तिने पिठाच्या रिकाम्या डब्यात कुलूप लावून ठेवल्या.

गोळ्यांनी फरक पडला, हळूहळू. अप्पा दुपारी ओट्यावर येऊन बसू लागले, चष्मा लावून. पण काही ठरवायचं म्हटलं की हात झाडायचे. "मला काय कळतंय. पोरीला इचारा."

आणि मग तो बाजारचा दिवस आला. वीज तीन दिवसांनी आली होती. रांग देवळापर्यंत. बाजाराला आलेल्या आसपासच्या खेड्यांतल्या बायकाही धान्याच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मी डबा दिला तेव्हा तिची बोटं माझ्या हाताला लागली. चटका बसावा इतकी गरम होती.

"अगं, तुला ताप आहे!"

"काई न्हाई बाई. वीज कवा जाईल नेम न्हाई. रांग बघा की."

डोळे लाल होते. उभ्या उभ्या गिरणीच्या खांबाला टेकत होती. मी तिला म्हटलं, बस, ती बसेना. म्हटलं, बंद कर. तिने ऐकलंच नाही असं दाखवलं आणि बोट पडद्याकडे केलं. सवाल!

मी आत गेले. अप्पा त्या दिवशी बाजेवरच होते, रांग मोठी असली की ते बाहेर येत नसत. माझ्याजवळ विचारायला दुसरं काही नव्हतंच.

"अप्पा, पोरीचं अंग तापलंय. काय करायचं?"

मला वाटलं, आता हात झाडतील, मला काय कळतंय म्हणतील. मी मनातल्या मनात महादेवाला हात जोडले. अप्पा उठले. चष्मा तिथेच राहिला. पडदा बाजूला करून बाहेर गेले आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. हात लगेच काढला नाही. बराच वेळ तसाच ठेवला.

मग भिंतीकडे जाऊन खटका खाली ओढला.

गिरणी लगेच थांबत नाही. दगड फिरत राहतात, आवाज खाली खाली जातो. तो पूर्ण थांबला. मग रांगेतून एक जण म्हणाला, "अप्पा, माझं निम्मंच झालंय!"

"निम्मं घिऊन जा."

"आन् आमचं?"

"समद्यांचं राहू द्या. गिरणी बंद हाय."

"अप्पा, एवढी रांग..." ती म्हणू लागली.

"मुकी बस!" ते असे ओरडले की बाजारातली माणसं वळून बघू लागली. त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या डोक्याचा रुमाल सोडला, तिचं तोंड पुसलं, आपलं उपरणं तिच्या अंगाभोवती गुंडाळलं. कुणीतरी काळी-पिवळी जीप थांबवली. आतले प्रवासी उतरवून अप्पांनी तिला मधे बसवलं. "बीड. मधी कुठं थांबायचं न्हाई," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. कुणाला विचारलं नाही.

टायफॉइड निघाला. वेळेवर नेली म्हणून बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. अठरा दिवसांनी ती परत आली, निम्मी होऊन, पण आवाज तसाच. तेव्हापासून गिरणी अप्पांनीच चालवली आणि सवाल नावाचा प्रकार गावातून बंद झाला. पुढच्या वर्षी ती नर्सिंगला गेली. आता कुठल्याशा दवाखान्यात मोठी सिस्टर आहे म्हणे. तिथले पेशंटचे नातेवाईक काय काय सोसत असतील, देव जाणे.

पण त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. जीप गेली. गिरणीचं दार उघडंच होतं. आत-बाहेर चाळीसेक डबे आणि पिशव्या, कुणाचं धान्य, कुणाचं अर्धं पीठ. मग त्या खोटं बोलणाऱ्या म्हातारीने आपली पिशवी काखेत मारली आणि निघाली, तसे सगळे आपापले डबे उचलून घरी गेले. काकूंनी दार लोटून कडी लावली.

हे रात्री ताटावर बसले. "भाकरी?"

"आज नाही," मी म्हणाले.

त्या रात्री आमच्या सगळ्या गल्लीने खिचडी खाल्ली.